ऑक्टोबरचं ऊन आणि पित्ताची माणसं
सांगलीत ऑक्टोबरचं ऊन तापलं की पित्त प्रकृतीवाल्यांची तक्रार ठरलेली: जळजळ, तोंड येणं, अंगाची आग. आयुर्वेद सांगतो, पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं.

तासगावचे पंधरा-वीस काळे बेदाणे अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून पाण्यासकट घ्या. त्याआधी कोमट पाण्यात दोनदा धुवाच. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती सुकवण्यापूर्वी डिपिंग ऑइल या रसायनाच्या द्रावणात बुडवलेली असतात. मधुमेह असेल तर हा उपाय नको.

भाकरीवर चमचाभर तूप, खर्डा महिनाभर बंद. दहीही नकोच, लोक ते थंड समजतात, पण आयुर्वेदात ते उष्ण, पित्त वाढवणारं. कफाच्या माणसाला मात्र हेच गोड, गार बेदाणे जड पडतात. जळजळ आठवड्यानंतरही टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.