फ्लॅटमधला सबवूफर आणि खालच्या मजल्याची झोप

"तुमच्या टीव्हीचा आवाज नाही गं येत, पण छातीत धडधडतं," असं खालच्या आजी म्हणाल्या. यापेक्षा नेमकी तक्रार कुठल्या साउंड इंजिनिअरनेही केली नसती. संवाद, गाणी, बातम्या, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. जात होता तो फक्त सबवूफरचा, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा, ठोका.

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला राहतो. इमारत मायवनची आहे. विटांच्या भिंती नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. अशा टॉवरमध्ये राहणाऱ्यांना माहीत असतं की वर कुठेतरी कुणी ड्रिल लावलं की ते आपल्याच भिंतीत चाललंय असं वाटतं. आमचा हॉल साधारण १४ फूट लांब. सबवूफर १२ इंची, पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला), टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलेला. आजी त्यांच्या हॉलमध्येच दिवाणावर झोपतात, म्हणजे बरोबर आमच्या हॉलखाली.

अशा वेळी सगळे पहिला सल्ला देतात तो भिंतींना फोम लावायचा. तो मी घेतला नाही. ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनं, म्हणजे खोल बेसच्या) आवाजाची लहर जवळजवळ साडेआठ मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम म्हणजे काहीच नाही. फोमने खोलीतला टाळीचा घुमारा जातो, बेस नाही. बेस अडवायला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फार तर ६ डेसिबलचा फरक पडतो. तयार फ्लॅटमध्ये स्लॅब कोण दुप्पट करणार?

मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवरही विसंबू नका. ती बहुतेक ए वेटिंगने, म्हणजे बेस कमी धरणाऱ्या पद्धतीने, मोजतात, आणि त्या हिशेबात ४० हर्ट्झला सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५, हीसुद्धा ए वेटिंगचीच आहे. म्हणजे कागदावर तुम्ही नियमात असता आणि खाली माणूस जागा असतो. शेजाऱ्याला अ‍ॅपवरचा आकडा दाखवून वाद जिंकणं मला तरी पटत नाही. मी बेस जवळजवळ पूर्ण धरणारं सी वेटिंग लावलं आणि मैत्रिणीकडून यूएसबीचा मेजरमेंट माइक आणला. खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

मग खालच्या काकांना विचारलं, "काका, रविवारी सकाळी अर्धा तास तुमच्या हॉलमध्ये बसू का?" माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. आपल्या सोफ्यावर बसून खाली काय पोचतंय ते कळत नाही, ते ऐकायला खालीच जावं लागतं. वर नवरा फोनवर होता आणि एकेक सूर सोडत होता: २५ हर्ट्झ, ३०, ३५, असं करत ८० पर्यंत. मी आजींच्या दिवाणावर बसून ऐकत होते. ६० च्या पुढे जवळजवळ काही नाही. ३० ला एक अस्पष्ट दाब. ४० ला मात्र शोकेसची सरकती काच तिच्या खाचेत थडथडायला लागली आणि आतल्या कपबश्या किणकिणल्या. आजी लगेच म्हणाल्या, "हेच ते!"

कारण नंतर कागदावर सापडलं. खोलीच्या लांबीच्या दुप्पट लहर ज्या सुराची असते तो सूर त्या खोलीत फुगतो. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर उत्तर येतं ४०. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर हा सूर सगळ्यात जोरात चेतवतो. खालचा हॉल त्याच मापाचा, म्हणून तिथेही तो तसाच फुगत होता.

सबवूफर कोपऱ्यातून काढला आणि लांब भिंतीच्या मध्याशी, सोफ्याच्या हाताला लागून ठेवला. लांबीच्या मध्यावर या सुराचा दाब सगळ्यात कमी असतो, त्यामुळे तिथून तो फारसा चेततच नाही. शिवाय सबवूफर कानाजवळ आला, तेव्हा त्याचा गेन (आवाजाची पातळी) बराच खाली आणता आला. हॉलमधून जाता-येता तो पायात येतो आणि दिसायलाही बरा नाही, पण याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. जागा बदलल्यावर रिसीव्हरचं (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचं) ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे माइक लावून खोलीनुसार आवाज जुळवणं, पुन्हा चालवायला विसरू नका. मग सबवूफरच्या अ‍ॅपमधल्या इक्वलायझरने ४० च्या आसपास एक अरुंद कापही दिला, म्हणजे तेवढाच सूर कमी केला.

दुसरी गोष्ट रिसीव्हरच्या मेनूत लपलेली होती. ऑडिसी या रिसीव्हरमधल्या आवाज जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं डायनॅमिक ईक्यू आपण आवाज कमी करू तसतसा बेस तुलनेने वाढवत जातं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. आपल्या कानाची सोय होते, पण रात्री आवाज कमी करूनही खाली ठोका का जाणवतो, याचं उत्तर त्यात होतं. ते बंद केलं. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू केलं. त्याने स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. काही रिसीव्हरमध्ये ऑडिसीचं एलएफसीही (भिंतीपार जाणारा बेस कमी करणारी सोय) असतं, ते खास शेजाऱ्यांसाठीच केलेलं आहे. तुमच्याकडे असेल तर आधी तेच लावून पाहा.

सबवूफरखाली ठेवायच्या रबरी पॅडबद्दल खूप ऐकलं होतं. ठेवला. आमच्या टीपॉयची थरथर गेली, पण खालच्या मोजमापात जेमतेम फरक दिसला. सबवूफरच्या पायांतून जातं त्याहून कितीतरी जास्त आवाज हवेतून स्लॅबवर आदळतो आणि स्लॅबच हलतो. पॅड जरूर ठेवा, पण त्यावर सगळी भिस्त नको. पोर्टमध्ये सबवूफरसोबत आलेला फोमचा बोळा घातला, त्याने अगदी तळाचा बेस थोडा आवरला.

आजींच्या शोकेसच्या खाचेत काकांना विचारून फेल्टची पट्टी चिकटवली. काच थडथडायची थांबली आणि त्यांना वाटणारा त्रास त्या पट्टीनेच बराच हलका झाला. असं काही करायचं तर आधी आपल्या बाजूचं सगळं करून मगच विचारावं. नाहीतर ‘तुमचंच शोकेस सैल आहे’ असा अर्थ निघतो.

रात्री दहानंतर सबवूफर पूर्ण बंद असतो. त्याऐवजी सोफ्याच्या लाकडी चौकटीला खालून बेस शेकर बसवला आहे. हा स्पीकरसारखा हवा हलवत नाही, लाकूड हलवतो. त्याला वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. सोफ्याच्या पायांखाली जाड रबर हवंच, नाहीतर तीच थरथर लादीत उतरते. सिनेमातली गडगड पाठीला जाणवते आणि खोलीत जवळजवळ ऐकू येत नाही.

सगळं झाल्यावर पुन्हा खाली बसून तेच सूर ऐकले. ४० चा सूर आठ-नऊ डेसिबलने उतरला होता आणि कपबश्या गप्प होत्या. २५-३० चा दाब मन लावून ऐकलं तर अजून कळतो, तो पुरता जाणार नाही. म्हणून ज्या आवाजाला आजींना काही जाणवलं नाही, तीच रिसीव्हरमध्ये कमाल मर्यादा म्हणून लावून टाकली आहे. त्या दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढा वेळही सबवूफर बंद. ज्या सिनेमाला एवढं पुरत नाही तो मी हेडफोनवर बघते.