डॉक्टर झाली, पण नंबर नाही

आमचं मिरजेत मेडिकल आहे. म्हणजे औषधाचं दुकान, कॉलेज नव्हे, हे आधीच सांगतो कारण मिरजेत मेडिकल म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात. वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला आणि तेव्हापासनं हे गाव डॉक्टर, पेशंट आणि त्यांच्या मागं आमच्यासारखे दुकानदार यांच्यावरच चाललंय, सतारी बनवणारे सोडले तर. सरकारी कॉलेज १९६२ चं. स्टँडवर उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असतं आणि निम्मे लोक कानडीत पत्ता विचारतात.

तर काउंटरवर उभं राहून मला वीस वर्षं झाली. चिठ्ठी आली की डॉक्टरचं नाव वाचायचं, औषध वाचायचं, म्हणजे खरं तर ओळखायचं, आणि काढून द्यायचं. पण चिठ्ठीवर खाली शिक्क्यात एक रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मी कधी नीट बघितला नव्हता. तो असला की बास, एवढंच. भाचीमुळं तो नंबर वाचायला लागलो, आणि आता तर चिठ्ठी हातात आली की आधी तिथंच नजर जाते.

भाचीचं, आम्ही तिला चिमी म्हणतो, अकरावी बारावी आमच्याकडंच झालं, सांगलीत गावभागात राहून. ताई आणि दाजी तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग. २०१८ ला नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली, ७२० पैकी अडीचशेच्या आसपास पडले. पात्र झाली पण सरकारी सीटपासनं कोसभर लांब, आणि खाजगी कॉलेजची फी ऐकून दाजी म्हणाले, एवढ्यात मी अजून दोन एकर घेतो. मग रशिया. त्याच वर्षापासनं बाहेर जायलासुद्धा नीट पास पाहिजे असा नियम झालेला, तेवढा तिनं पार केला होता.

एजंटचा सेमिनार एका हॉलमध्ये होता, मी पण गेलेलो. पडद्यावर बर्फ, होस्टेल, हिटर, आणि सगळ्यात जास्त वेळ मेसवर. पोळी भाजी मिळते, भारतीय आचारी आहे, गणपती बसवतात, हे सगळं सांगून झालं. दाजींनी एकच प्रश्न विचारला, आल्यावर दवाखाना टाकता येतो न्हवं? तो म्हणाला हो हो, येतो की, आल्यावर एक छोटीशी परीक्षा असते फक्त. छोटीशी. हा शब्द आमच्या घरात आता शिवीसारखा वापरतात.

त्या वर्षीचे बेदाण्याच्या सौद्याचे पैसे गेले, मग पुढच्या वर्षीचे गेले, मधे करोना आला, पोरगी घरी येऊन द्राक्षाच्या शेडमध्ये रेंज शोधत ऑनलाइन लेक्चर ऐकत बसली, परत गेली, आणि सहा वर्षांनी डिग्री घेऊन आली. गावात फ्लेक्स लागला, डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, चिमीचा फोटो एवढासा आणि आजूबाजूला सतरा पुढारी. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे एक आजोबा गुडघा घेऊन दारात. ती म्हणाली आजोबा, मला अजून औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. आजोबा म्हणाले, मग सा वर्षं काय केलंस बाळ तिकडं?

आता हेच मला सांगायचंय, कारण माझ्यासारख्या या धंद्यातल्या माणसालाही ते नीट माहीत नव्हतं. डिग्री म्हणजे परवानगी नव्हे. डिग्री युनिव्हर्सिटी देते, आणि पेशंटला हात लावायची परवानगी वेगळ्या दारातनं मिळते. महाराष्ट्रात ते दार म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबईत. ही नोंदणीची भानगड नवीन नाही, मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्यानं सुरू झाली, इंग्रजांच्या काळात. आत्ताचा देशाचा कायदा २०१९ चा, त्यानं जुनी मेडिकल कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चिमीनं हे दाजींना वाचून दाखवलं तेव्हा दाजी गप्प झाले, कारण त्यांनी तोवर स्टँडजवळ गाळा बघून ठेवलेला.

इथं शिकलेल्या पोरांचं त्या मानानं सरळ असतं. साडेचार वर्षं अभ्यास, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, मग एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपसाठी तात्पुरती नोंदणी मिळते, ती संपली की कायमची. सरळ म्हणजे सोपं असं नाही, पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीतच पोरं रडकुंडीला येतात, आमच्या दुकानात वही पेन घ्यायला आली तरी चेहऱ्यावरनं कळतं. पण रस्ता एकच, मधे नाका नाही. कायद्यात आहे की पुढं सगळ्यांनाच, इथल्यांना आणि बाहेरच्यांना, एकच नेक्स्ट नावाची परीक्षा, पण ती पुढंच ढकलली जातीय.

बाहेरनं आलेल्यांना नाका आहे. त्याचं नाव एफएमजीई, बाहेरनं डिग्री घेऊन आलेल्यांची चाळणी परीक्षा. २००२ पासनं आहे, वर्षातनं दोनदा होते, ३०० प्रश्न, १५० आले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही, कितीही वेळा देता येते, तरीपण बहुतेक वेळा पाचातला एखादाच पास होतो. एकोणीस विषय एका दिवसात, सकाळी १५० प्रश्न, दुपारी १५०. पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री पण त्यात आणि शेवटच्या वर्षाचं गायनॅक पण त्यात.

पहिल्या झटक्यात चिमीला १४१ पडले. नऊ कमी. ताईनं दोन दिवस स्वयंपाकघरातनं बाहेर तोंड दाखवलं नाही. दाजी चिडले, रशियात पास आणि इथं नापास, म्हंजे मुद्दाम पाडत्यात, जागा कमी हायत म्हणून. आमचं त्यावरनं वाजलं. मी म्हटलं दाजी, बागेला औषध कुणीही सांगितलं तर मारताय का, दुकानदार नवीन असला तर तुम्ही त्याला चार प्रश्न विचारता की नाही? ते म्हणाले द्राक्षाचं वेगळं. मी म्हटलं व्हय, माणूस द्राक्षापेक्षा स्वस्त. मग एक महिना बोलणं बंद. (मी साधा डी.फार्म, दोन वर्षं आणि ५०० तास ट्रेनिंग, तरी मला पण फार्मसी कौन्सिलचा नंबर घेतल्याशिवाय काउंटरवर उभं राहता आलं नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगायला विसरलो, नंतर रात्री आठवलं.)

चिमी स्वतः काय म्हणाली ते जास्त महत्त्वाचं. ती म्हणाली मामा, पुस्तकातलं मला येतं, पण मी तिकडं पेशंटशी कधी मोकळं बोललेच नाही. शिकवणं इंग्लिशमध्ये, पेशंट रशियन बोलणार, ही पोरं मोडकं तोडकं रशियन शिकून कॉटच्या कडेला उभी. आणि सहा वर्षांत तिनं साप चावलेला एक पेशंट बघितला नव्हता, डेंग्यू बघितला नव्हता, शेतीचं विषारी औषध प्यालेला माणूस बघितला नव्हता. तासगाव भागातल्या डॉक्टरला हे तिन्ही बघितलेले नसून चालंल का? हे ऐकल्यावर मला ती परीक्षा नाही पण त्यानंतरचं इंटर्नशिपचं वर्ष एकदम पटलं.

दुसऱ्या झटक्यात १६८. त्या सहा महिन्यांवर वेगळं लिहायला पाहिजे, सकाळी सहाला सांगलीत अभ्यासिकेत जागा धरायची, मोबाइलवर लेक्चर दीडपट स्पीडनं, दुपारी आमच्या बायकोनं पाठवलेला डबा, आणि पावणेदहाला अभ्यासिका बंद होताना वॉचमन रोज म्हणायचा, झाला का कोर्स मॅडम.

पास झाली, आता सुटलो असं वाटलं, तिथनं खरी कागदांची यात्रा सुरू झाली. डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असा तिथल्या सरकारचा शिक्का पाहिजे, करोनातल्या ऑनलाइन तासांची भरपाई प्रत्यक्ष केली असं कॉलेजचं पत्र पाहिजे, पास सर्टिफिकेट घ्यायला मूळ कागद घेऊन स्वतः दिल्लीला जायचं, आणि सगळ्या कागदांत दहावीचं मार्कलिस्ट. दहावीचं मार्कलिस्ट आमच्या गावभागातल्या कपाटात होतं. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कपाटात पुराची कृष्णामाई येऊन गेली होती. तळातला कप्पा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला भोक. कागदाचा पापड झालेला, आकडे दिसत होते पण शिक्का नाही. तेव्हा मी ते वाळवून परत ठेवलं आणि कुणाला बोललो नव्हतो, सहा वर्षं. शेवटी कोल्हापूर बोर्डात दोन हेलपाटे घालून दुसरी प्रत काढली, त्याचा खर्च मी केला, आणि ताईला अजून वाटतं की नावात चूक होती म्हणून काढली. ताई ब्लॉग वाचत नाही.

मग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा. बाहेरनं आलेल्यांना वाटेल तिथं जाता येत नाही, मान्य असलेल्या हॉस्पिटलमध्ये मोकळ्या असतील तेवढ्याच जागा, नंबर लागायची वाट बघायची. मला सगळ्यात चुकीचं हे वाटतं. परीक्षा घ्या, अवघड घ्या, पण पास झालेल्या पोराला घरी बसवून ठेवू नका, हात गंजतो. गावात डॉक्टर नाही म्हणून ओरड आणि पास झालेली पोरगी शेडमध्ये बेदाणा निवडतीय, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता तिची इंटर्नशिप चालू आहे, बारा महिने. त्यात बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे खेड्यातलं आरोग्य केंद्र वगैरे, सहा आठवडे मेडिसिन, सहा सर्जरी, बाकी मग डोळे, कान, हाडं, भूल, कॅज्युअल्टी असं थोडं थोडं. कॅज्युअल्टीत लागली तेव्हा एका रात्री दीड वाजता फोन. मला वाटलं काय झालं. ती म्हणाली मामा, आज औषध प्यालेला आला, फवारणीचं. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. सिनियर म्हणाल्या ॲट्रोपिन दे, ते या विषावरचं इंजेक्शन, आणि छाती ऐकत राहा, घरघर कमी होईपर्यंत देत राहायचं, आकडा मोजत बसायचं नाही. ती रात्रभर त्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेली. सकाळी त्यानं पाणी मागितलं. मी त्या ॲम्प्युल्स वीस वर्षं विकतोय, त्या कशा देतात ते मला त्या रात्री कळलं.

दुकानात आता लोक विचारायला लागलेत, आमच्या पोराला पाठवू का बाहेर. मी नको म्हणत नाही. पण नियम आता अजून कडक झालेत, १८ नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांना वेगळे आहेत, ते आधी बघा म्हणतो. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, त्यावर १२ महिने इंटर्नशिप त्याच कॉलेजात, शिकवणं इंग्लिशमधनं, सगळं मिळून दहा वर्षांच्या आत, आणि आल्यावर इथली परीक्षा आणि परत १२ महिने इथं. पाच वर्षांत डॉक्टर असं कुणी म्हणालं की बोटावर मोजायला लावा. आणि एक प्रश्न एजंटला विचाराच, मेसच्या आधी विचारा: हा कोर्स करून त्या देशात, तिथल्या माणसांसारखी, आमच्या पोराला डॉक्टर म्हणून नोंदणी मिळते का? कारण नियमच असा आहे, तिथं चालत नसेल तर इथं चालत नाही. काही ठिकाणी परदेशी पोरांसाठी वेगळाच कोर्स असतो, त्याच्यावर त्यांचीच माणसं विश्वास ठेवत नाहीत. हा प्रश्न विचारला की बरेच एजंट पाणी मागवतात.

आणि नंबर मिळाला म्हणजे झालं असं पण नाही. दर पाच वर्षांनी रिन्यू करायचा, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट गोळा करायचे, लेक्चरं कॉन्फरन्स करून. मिरजेतले साठीतले सर्जन रविवारी सकाळी हॉटेलात कॉन्फरन्सला बसलेले दिसतात ते काही नुसतं जेवायला नाही जात. नुसतं.

चिमीच्या इंटर्नशिपचे अजून चार महिने आहेत. परवा दाजींचा फोन आला, आता बोलतात. पेंटरकडनं पाटी करून घेतलीय म्हणाले, पितळी अक्षरं, डॉक्टर, नाव, खाली डिग्री. रजि. नं. असं लिहून पुढं जागा मोकळी सोडलीय, पण पेंटर विचारतोय किती आकडी असतो. मी दुकानातल्या पाचसहा चिठ्ठ्या काढून बघितल्या, कुणाचा जुना छोटा, कुणाचा नवीन लांबलचक. म्हटलं जरा जास्तच सोडा. पाटी सध्या बेदाण्याच्या शेडमध्ये आहे, तोंड भिंतीकडं करून, वरनं पोतं टाकलंय.