माणसं डोक्यावर बसत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. नवा टीम लीडर झालेला प्रत्येक जण कधी ना कधी तो विचारतोच, ट्रेनिंगमधल्या चहाच्या वेळी नाहीतर घाटकोपरच्या मेट्रोत शेजारी उभं राहून: "मॅम, तुम्ही कुणावर ओरडत नाही, रजा अडवत नाही, निर्णयसुद्धा पोरांच्या हातात देता. मग माणसं डोक्यावर बसत नाहीत का?"

बसतात. एखादं बसतंच. त्याच्याबद्दल पुढे सांगते. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती मला आधी खोडायची आहे. प्रेमाने वागणं आणि अधिकार देणं हे एकच, असं तुम्ही धरून चालता. तसं नाही. नुसत्या प्रेमाने वागणारे साहेब या मुंबईत शंभर वर्षांपूर्वीही होते.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. कोकणातून त्यांना जॉबरने आणलं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, पण नुसता मुकादम नव्हे. भरती त्याच्या हातात. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्याला, आज काम मिळणार की गेटवरून परत जावं लागणार, तेही त्याच्या हातात. चाळीत खोली तोच बघून देई, अडीनडीला पैसे तोच देई, कुणाची बायको बाळंत व्हायची आहे आणि कुणाच्या गावच्या घराचं छप्पर उडालंय हे त्याला तोंडपाठ. आमच्या ट्रेनिंगमध्ये एम्पथीच्या पाट्या दाखवतात, त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी तो जॉबर रोज करत होता. आणि त्याबदल्यात दस्तुरी, म्हणजे कामगाराच्या कमाईतला वाटा, घेत होता. आजी म्हणायची, "देवमाणूस होता हो, पण त्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती." 1935 साली गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची पद्धत आणली. बदली कामगारांना कार्डं मिळाली आणि रोजची निवड जॉबरच्या मर्जीतून थोडी सुटली. थोडीच. पण जॉबरच्या मायेने जे कधी झालं नसतं, ते एका कार्डाने सुरू झालं.

जॉबर गेले, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागेवर काचेचे टॉवर आले. स्वभाव मात्र राहिला. आजही कितीतरी मॅनेजर रजा अशी देतात, जणू स्वतःच्या खिशातून देतायत. "जा, आईला बघून ये, मी सांभाळतो" आणि मग मार्च अखेरीला, "तेव्हा तुला सोडलं होतं, लक्षात आहे ना?" रजा त्या पोराची हक्काची होती. ती घेऊन तो मिंधा झाला. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय: एकच सवलत दोघा-तिघांना द्यावी लागली, तर ती सवलत राहू द्यायची नाही, रोस्टरमध्ये, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकात, लिहून टाकायची. मग माझे आभार मानायला कुणी केबिनमध्ये येत नाही. नाही आलं तर बरंच.

(डबेवाल्यांचं उदाहरण देणार नाही. मुंबईतलं एकही लीडरशिपचं प्रेझेंटेशन त्यांच्याशिवाय संपत नाही. त्यांनाही विश्रांती हवी.)

पावसाचं घ्या. आमचं ऑफिस मरोळला, माणसं बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरारची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुमच्यातले बरेच शाळेत असतील. त्या दुपारी कितीतरी ऑफिसांत लोक साहेबाच्या तोंडाकडे बघत बसले होते. साहेब वरून फोन यायची वाट बघत होते. वरचे बसले होते दुसऱ्या शहरात, आणि तिथे पाऊस नव्हता. नंतर लोक रुळांवरून, पाण्यातून रात्रभर चालत घरी गेले.

आमचं काम आरोग्यविम्याचं, त्यात रुग्णांची कागदपत्रं असतात, त्यामुळे उठसूट सगळ्यांना घरून काम देता येत नाही. मग आम्ही काय केलं? पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. तेवढी भरती आणि तेव्हाच जोराचा पाऊस असला की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कुर्ला-सायनला रूळ दिसेनासे होतात. ती यादी आम्ही मे महिन्यातच रोस्टरवर चढवतो. त्या दिवशी लांबून येणाऱ्यांची शिफ्ट भरतीची वेळ बघून लागते. आणि ऐन वेळी फ्लोअर सोडायचा की नाही, हे शिफ्ट इन्चार्ज ठरवतो. मी नाही, हेड ऑफिस तर नाहीच. त्याच्या मोबाइलवर एम-इंडिकेटर, लोकलच्या वेळा दाखवणारं अॅप, उघडं असतं, त्याची स्वतःची लोकल त्याच रुळांवरून जायची असते. तो आधी कल्याणच्या पुढच्यांना आणि विरारवाल्यांना सोडतो. साकीनाका-जोगेश्वरीचे मागे राहून उरलेल्या कामांची क्यू रिकामी करतात आणि त्याबद्दल त्यांना बदली सुट्टी मिळते. पहिल्या वर्षी जवळचे कुरकुरले. "आम्ही जवळ राहतो ही आमची चूक का?" बरोबर होतं त्यांचं. बदली सुट्टी त्या कुरकुरीतूनच आली.

यात कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, "कसं वाटतंय?" विचारलं नाही. विचारू नका असं नाही म्हणत. पण उत्तर ऐकून बदलता येईल असं काही तुमच्या हातात नसेल, तर नुसतं विचारून काय उपयोग? फन फ्रायडेला फुगे लावायचे आणि पुढच्या आठवड्याचं रोस्टर शनिवारी रात्री टाकायचं, हा प्रकार मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. त्यापेक्षा फुगे नकोत, रोस्टर पंधरा दिवस आधी टाका. मुलाला पाळणाघरात कधी सोडायचं ते त्याच्या आईला ठरवता येऊ दे.

आता निर्णयांचं. मी आरोग्यविम्याचं कॅशलेस डेस्क सांभाळते, म्हणजे रुग्णाऐवजी विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल थेट भरायचं, ते मंजूर करणारं डेस्क. समजा संध्याकाळी साडेचारला नाशिकच्या एखाद्या हॉस्पिटलातून फायनल बिल येतं. अपेंडिक्सचं ऑपरेशन, रुग्ण एक दिवस जास्त राहिला, म्हणून बिल आधीच्या मंजुरीपेक्षा काही हजारांनी वर गेलं. पूर्वीची वाट अशी: क्लेम तपासणारा प्रोसेसर टीएलला (टीम लीडरला) विचारणार, टीएल आमच्या डॉक्टरांना, डॉक्टर मॅनेजरला, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये. तिकडे रुग्ण कपडे बदलून, पिशवी भरून खाटेवर बसलेला. हाताची सुई काढलेली. खाली बिलिंगच्या खिडकीशी मुलगा दर दहा मिनिटांनी तेच ऐकतोय: "इन्शुरन्सचं अजून आलं नाही."

29 मे 2024 च्या परिपत्रकात विमा नियामकाने घड्याळ लावून दिलं. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या पैशातून भरायचे. ते परिपत्रक आलं तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा काय सुचलं? फ्लोअरवर मोठा स्क्रीन लावा, टॅट, म्हणजे ठरलेली वेळ, हुकला की लाल करा, हुकवणाऱ्याचं नाव टाका. माझं म्हणणं एवढंच होतं की घड्याळ तीन तासांचं आणि जिने चार, तर पोरांना पळवून काय होणार? जिने कमी करा. मग एका ठरावीक रकमेपर्यंतचा फरक प्रोसेसरने स्वतः मंजूर करायचा, दोन ओळी कारण लिहायचं, कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं.

आणि लगेच सगळे निर्णय घ्यायला लागले? छे. कित्येक आठवडे पोरं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत. "मॅम, करू ना?" इतकी वर्षं विचारायची सवय लावलेली, ती एका मेलने जाते होय? मी म्हणे, "तुझ्या लॉगिनला ते बटण आहे. माझ्या लॉगिनला आता नाही." खरंच काढून घेतलं होतं मी ते. ते असतं तर मीच दाबत बसले असते.

एकाकडून मग व्हायचं ते झालं. पॉलिसीत खोलीभाडं रोज पाच हजारांपर्यंत, रुग्ण राहिला आठ हजारांच्या खोलीत. अशा वेळी नुसता भाड्यातला फरक कापून चालत नाही; डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, यांनाही तेच प्रमाण लागतं, म्हणजे आठातले पाचच मंजूर. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना नाही लागत. पोराने फक्त भाडं कापलं, बाकी पूर्ण मंजूर केलं. पैसे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच ग्रुपवर टाकलं. दुपारी वरून फोन: मर्यादा परत खाली आणा.

नाही आणली. वर सांगितलं की मर्यादा मी ठरवली आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे मागा. त्या पोराला बोलावून विचारलं की स्क्रीनवर खोलीची पात्रता दिसते कुठे? तर ती तिसऱ्या टॅबमध्ये, खाली. ती वर आणायची सूचना त्याचीच. आता नव्यांना हे प्रमाणाचं गणित तोच शिकवतो, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो.

त्यानंतर आमच्याकडे नोंदवलेल्या चुका वाढल्या. वरच्यांना ते फार खुपलं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं काम मला तेव्हा उपयोगी पडलं. 1990 च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती, सापडल्या जास्त. शोधल्यावर कळलं की तिथे चुका सांगायची भीती कमी होती. हे मी मीटिंगमध्ये मांडलं आणि विचारलं, की तुम्हाला कमी चुका हव्यात की कमी ऐकू यायला हव्यात? कुणी उत्तर दिलं नाही, पण मर्यादेचा विषयही परत निघाला नाही.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. होकाराचा अधिकार डेस्कवर आला, नकाराचा नाही. क्लेम साफ नाकारायचा तर समितीची मंजुरी लागते, नियमच तसा आहे. मला तो फार आवडतो. खालच्या माणसाच्या हातात फक्त "नाही" म्हणायचा अधिकार असतो, अशी ऑफिसं तुम्ही पाहिली असतील. एखाद्या खिडकीशी उभे राहून आलात की विसरत नाही.

तर डोक्यावर बसणारा. होता एक. दर सोमवारी तब्येत. पहिल्यांदा खरंच काही असेल म्हणून विचारलं, शिफ्ट बदलून दिली. तब्येत नव्या शिफ्टच्या सोमवारी बिघडू लागली. मी गप्प राहिले असते तर लोकांनी मला दयाळू म्हटलं असतं, पण त्याची क्यू शेजारचे दोघे ओढत होते आणि त्यातली एक सहा महिन्यांची गरोदर होती. त्याला बसवलं, हजेरीचा कागद समोर ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं की पुढच्या महिन्यात असं चालणार नाही, आणि चाललं तर काय होईल. त्याला फार लागलं. "तुम्ही तर अशा नव्हता मॅम." मी होते तशीच होते. त्याने नंतर नोकरी सोडली. मला वाईट वाटलं नाही; शेजारच्या दोघांना बरं वाटलं.

आता एक असं, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अप्रेझल. आमच्याकडे अजून बेल कर्व्ह आहे. मायक्रोसॉफ्टने तो 2013 मध्ये सोडला, मी हे वर तीनदा लिहून पाठवलंय, "नोटेड" असं उत्तर येतं. म्हणजे टीम कितीही चांगली असू दे, मार्चमध्ये कुणाला तरी तळाला टाकायचंच. वर्षभर सांगायचं की चूक झाली तर ग्रुपवर टाका, आणि वर्षाच्या शेवटी एकमेकांशी शर्यत लावायची. हे दोन्ही एका ठिकाणी नांदत नाही, पोरांना ते कळतं, आणि फेब्रुवारीपासून ग्रुपवरच्या चुका कमी होतात. मी एवढंच करते की तळाला गेलेल्याला मेल जायच्या आधी स्वतः सांगते, कुणाशी तुलना झाली तेही सांगते, आणि तो चिडला तर त्याला "मी समजू शकते" म्हणत नाही. तुम्ही आत्ता टीएल झालात, तेव्हा यंदाची यादी तुम्हालाही करावी लागेल. करण्याआधी एकदा या, दोघं बसून वर चौथं पत्र लिहू.