सायकलची पीयूसी कुठून आणू?

पुण्यात कोथरूडहून कल्याणीनगरला गाडीशिवाय रोज कशी येतेस, असं ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच. येणं सोपं आहे हो. आल्यावर सायकल लावायची कुठे, हे ठरायला जो काळ गेला त्याची आठवण झाली की अजून डोकं फिरतं.

येण्याचं आधी उरकते. पाऊस असला किंवा अंगात कंटाळा असला की मेट्रो. ६ मार्च २०२४ ला रुबी हॉलपासून पुढे रामवाडीपर्यंतची मेट्रो सुरू झाली आणि वनाजला बसायचं ते थेट कल्याणीनगरला उतरायचं, असं सोपं झालं. शनिवार-रविवारी कामाला बोलावलं तर तिकिटात ३० टक्के सवलत, तेवढाच दिलासा. पीएमटीही आहेच, पण १ जून २०२५ पासून दिवसाचा पास ४० चा ७० झाला, तेव्हापासून मी बस फक्त नाइलाजाने पकडते. बाकी कोरड्या दिवसांत सायकल: कर्वे रस्ता, डेक्कन, जंगली महाराज, संचेती, संगम पूल, बंडगार्डन, येरवडा. नळ स्टॉपला उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच या. जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकाँडो नावाच्या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला, हे आमच्या बाबांनी इतक्यांदा ऐकवलंय की तिथून जाताना आपोआप आठवतं.

तर, गेट.

आमचं ऑफिस एका मोठ्या संकुलात आहे. पहिल्याच दिवशी गेटवरच्या काकांनी हात आडवा केला. "मॅडम, स्टिकर?"

"काका, सायकल आहे."

"सायकल असू दे नाहीतर ट्रक असू दे. स्टिकर नाही तर आत नाही."

त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना वरून तसंच सांगितलेलं. मग मी स्टिकरच्या मागे लागले. फॉर्म ऑनलाइन. वाहनाचा प्रकार: दुचाकी किंवा चारचाकी, तिसरा पर्यायच नाही. सायकलला चाकं दोनच, म्हणून दुचाकी निवडलं. त्याबरोबर खाली लाल चांदण्यांची रांग उघडली: वाहन क्रमांक, आरसीची प्रत, विम्याची मुदत, पीयूसीची मुदत, लायसन. एकही रकाना मोकळा ठेवता येत नाही. 'लागू नाही' लिहिलं तर तारखेच्या जागी अक्षरं चालत नाहीत. रेघ मारली तर तेही चालत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. पायाने चालवायच्या सायकलला तो नोंदणी मागत नाही, लायसन मागत नाही, विमा नाही, पीयूसी नाही. देशाच्या कायद्याला जे चालतं ते आमच्या बेसमेंटला चालेना.

हेल्पडेस्कला तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' असा मेल. काय झालं निराकरण? काही नाही, तक्रार बंद केली होती. पुन्हा उघडली. ते म्हणाले, हे एचआरचं. एचआर म्हणाले, पार्किंग इमारतीच्या व्यवस्थापनाकडे. व्यवस्थापन म्हणालं, स्टिकर ठेकेदार देतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तुमच्या कंपनीकडून मेल आला की देतो. मेल कोण पाठवणार? हेल्पडेस्क.

हे सगळं चालू असताना सायकल बाहेर, चहाच्या टपरीमागच्या लोखंडी कठड्याला. टपरीवाल्या दादांनी एका शब्दाने विचारलं नाही, उलट पाऊस आला की सीटवर दुधाची रिकामी पिशवी चढवून ठेवायचे. (सीटसाठी पिशवी कायम सोबत ठेवा, हे मी त्यांच्याकडून शिकले.) पण एका संध्याकाळी खाली आले तर माझ्या कुलुपावर संकुलाची भलीमोठी पिवळी साखळी. 'अनधिकृत पार्किंग'. आत लावू द्यायची नाही आणि बाहेर लावली तर साखळी. त्या दिवशी मात्र मी आवाज चढवला. रस्त्यावरची चार माणसं थांबली, सुपरवायझर किल्ली घेऊन आला. मेट्रो हल्ली रात्री ११ पर्यंत असते म्हणून उशिराची धास्ती नव्हती, पण सायकल साखळीत सोडून मी हलणार नव्हतेच.

त्याच सुपरवायझरने सांगितलं, खाली बेसमेंटमध्ये स्टिकर छापणारा मुलगा बसतो, त्याला सरळ भेटा. एवढे मेल, एवढी वर-खाली, आणि उत्तर होतं दुसऱ्या तळघरात, जनरेटरच्या खोलीशेजारी!

मुलगा हुशार. म्हणाला, "ताई, फ्रेम नंबर असेल ना?" असतो. पेडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या पोटाखाली कोरलेला. तिथेच सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. नळीवर वाळलेला चिखल आणि चेनचं काळं वंगण. रुमालाने घासलं, नखाने खरवडलं, मग मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर दिसायला लागलं. मी वाचत गेले, तो 'वाहन क्रमांक'मध्ये भरत गेला. आरसीच्या जागी दुकानाच्या बिलाचा फोटो. लायसनला माझं ओळखपत्र. विमा आणि पीयूसीला त्याने कॅलेंडर पुढे पुढे ढकलत ३१ डिसेंबर २०९९ ही तारीख टाकली. यंत्राने मुकाट्याने हिरवी खूण दिली.

पुढची गंमत म्हणजे स्टिकर काचेवर लावायचा. सायकलला काच नाही. नळीवर गुंडाळला तर स्कॅन होईना. शेवटी लॅमिनेट करून प्लास्टिकच्या पट्टीने सीटखाली टांगला, तो अजून टिकलाय. गेटवरचे काका आता तो न बघताच सोडतात, उगाच अभिमान वाटतो मला.

त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या चौघांनी याच वाटेने स्टिकर काढले. एकाची बॅटरीवाली आहे. २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तर तिलाही नोंदणी लागत नाही. तरी सायकलच्या कंपनीचं माहितीपत्रक खिशात ठेवा, कुणालाही पटवून द्यायला कागद लागतो.

म्हणून सायकल घेतल्या दिवशीच बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा. चोरीला गेली तर पोलीसही तेच विचारतात. कुलूप फक्त पुढच्या चाकाला लावू नका, चाक सोडून बाकीची सायकल नेतात. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही कठड्याला बांधा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू असू द्या, संचेतीच्या चौकात तर हवाच. आणि हेल्पडेस्कला मेल पाठवायचाच असेल तर पाठवा, पण त्याच दुपारी जिना उतरून बेसमेंटला जाऊन या. मुलगा जेवायला दीड वाजता उठतो.