ऊसतोडीच्या सीझनमध्ये लेकरं गावातच ठेवली – शाळा व्यवस्थापन समितीतला माझा अनुभव

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. दसरा झाला की मुकादमाचे, म्हणजे ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराचे, फोन सुरू होतात आणि दिवाळीच्या आगंमागं गावात ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, त्यात भांडी, गोधड्या, पिठाचे डबे, शेळ्या आणि सगळ्यात वर बसलेली लेकरं. कोणी सांगलीला, कोणी कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. मग पार पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा सीझन संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी चार घरं एवढंच उरतं.

मी स्वतः त्या ट्रॅक्टरवर बसून गेलेली आहे. आईबाप उसाच्या फडात, आणि मी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचे, पाणी भरायचे, जरा मोठी झाल्यावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्यासोबत चार सीझन कोयता घेतला, म्हणजे ऊस तोडला, मग त्यांनी टमटम घेतली आणि आमचं जाणं थांबलं. दोन वर्षांपूर्वी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षा देऊन, मी दहावी पास झाले. हे सांगायचं कारण एवढंच की पुढचं सगळं मी का केलं ते कळावं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी, पट 64. शाळेत एक शाळा व्यवस्थापन समिती असते हे मला माहीत होतं, कारण आमच्या सासूबाई तिच्यात सदस्य होत्या. म्हणजे वही घरी यायची, त्या अंगठा द्यायच्या, वही परत जायची. कशाचा ठराव, कशावर अंगठा, काही माहीत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये नवीन बाई बदलून आल्या आणि त्यांनी पालकसभेत सगळं वाचून दाखवलं, की 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे, त्यात समितीतले पाऊण सदस्य पालकच पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, अध्यक्ष पालकांमधलाच असतो, मुख्याध्यापक फक्त सचिव, आणि शाळेला आलेला पैसा कुठं खर्च झाला ते बघायचा हक्क समितीला आहे. सभेला आम्ही बायका मागं भिंतीला टेकून बसलेलो. बाई म्हणाल्या, कोण कोण तयार आहे, हात वर करा. मी हात वर केला. नवऱ्याला न विचारता केला, घरी जाऊन सांगितलं, ते म्हणाले कर, पण मग नीट कर.

पहिले दोन महिने मी नुसती शिकत होते. शाळेला वर्षाला एक संयुक्त अनुदान येतं, आमच्याएवढ्या पटाला 25 हजार, त्यातला दहा टक्के स्वच्छतेवर घालायचा असतो. त्यातच खडू, लाईटबिल, नळाची तोटी, सगळं. बैठकीत मी पावत्या मागितल्या तेव्हा एक-दोघांना राग आला, पण हेडसरांनी फाईल समोर ठेवली आणि सगळं बरोबर निघालं, त्यामुळं त्यांच्यावर माझा विश्वासच बसला. पोषण आहाराची चव घ्यायला आम्ही आयांनी वार वाटून घेतले. पहिली ते पाचवीला लेकरामागं 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी-सातवीला 150, हे तेव्हा कळलं. रोज एक आई शाळेत येणार, खिचडी खाऊन बघणार, चव रजिस्टरला सही करणार. एवढ्यानं सुद्धा खूप फरक पडला, कारण आई शाळेत आली की ती नुसती खिचडी खाऊन जात नाही, वर्गात डोकावते, बाईला विचारते माझं पोरगं वाचतं का.

मग ऑगस्टच्या बैठकीत बाईंनी हंगामी वसतिगृहाचा विषय काढला. नावात वसतिगृह आहे पण झोपायला वेगळी इमारत वगैरे काही नाही, आईबाप कारखान्याला गेले की लेकरू गावातच आजी-आजोबांकडं किंवा चुलत्याकडं राहतं आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते, सरकारच्या पैशातून. दुपारी पोषण आहार असतोच. तालुक्याच्या गावी ऊसतोड कामगारांच्या मुलांची सरकारी वसतिगृहं निघालीत ती वेगळी, पण दुसरीतलं लेकरू कोण तालुक्याला ठेवणार? इथं ते आपल्याच घरी झोपतं. अध्यक्ष दादा म्हणाले आपल्या गावात पूर्वी एकदा झालं होतं, पण बिलं मिळाली नाहीत आणि बंद पडलं. मी म्हणाले, परत करू.

सर्वेक्षणापासून सुरुवात केली. मी, बाई आणि अजून दोघी जणी रोज संध्याकाळी घरोघर. यादीत लेकराचं नाव, इयत्ता, आईबाप कोणत्या कारखान्याला, कधी जाणार, मागं कोण सांभाळणार, आणि त्या सांभाळणाऱ्याची सही. 37 लेकरांचे आईबाप जाणार होते. वाटलं होतं की फुकट जेवण आहे म्हटल्यावर सगळे हो म्हणतील, पण तसं अजिबात नाही. एका बाईनं मला दारातच विचारलं, "माय, लेकराला ताप आला तर मी सांगलीहून येऊ का?" मी काय सांगणार. मी तिला सांगितलं की मी आहे, माझा नंबर घे, रात्री दोनला फोन कर. आणि खरंच तेच सांगत फिरले मी सगळीकडं. काही घरात अडचण वेगळीच, मोठी पोरगी सोबत नेली तर ती कोपीवर धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक करते, मग आईचं काम हलकं होतं. हे मला पाठ आहे, मीच ती पोरगी होते. आणि सातवीतल्या पोरींच्या आया तर सरळ म्हणायच्या, वयात आलेली पोर म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर कशी सोडू? ही भीती खोटी नाही, तिला उत्तर द्यावं लागतं. आम्ही ठरवलं की संध्याकाळचं जेवण झालं की मोठ्या पोरींना एक आई घरापर्यंत सोडून येणार, रोज, न चुकता. हे ठरल्यावर तीन घरं तयार झाली.

शेवटी 26 लेकरांची संमतीपत्रं आली. 11 गेली. जी गेली त्यांना हेडसरांनी शिक्षण हमी पत्रक करून दिलं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की लेकराला बसवून घेतात. मी प्रत्येक आईला ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं आणि सांगितलं, रेशनकार्डाबरोबर ठेव.

कागदपत्रांचं मात्र सांगते, इथं बरेच जण हात टेकतात. समितीचा ठराव, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या, यादी, संमतीपत्रं, हे सगळं केंद्रप्रमुखांकडून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. आमची फाईल पहिल्यांदा परत आली, तीन लेकरांची आधारवरची नावं आणि शाळेच्या रजिस्टरमधली नावं जुळत नव्हती. दुरुस्त करून दिली तर परत आली, ठरावावर तारीख राहिली होती. तिसऱ्यांदा मी स्वतः गेले, टमटमनं, फाईल मांडीवर घेऊन. दिवसभर बाकावर बसले. संध्याकाळी साहेबांनी आत बोलावलं, मी म्हणाले साहेब, ट्रॅक्टर आठ दिवसांनी येणारेत, मंजुरी नंतर आली तर लेकरं निघून गेलेली असतील, फाईल बरोबर असेल आणि लेकरू नसेल. त्यांनी माझ्यासमोर फाईल बघितली आणि पुढं पाठवली. तुम्ही कोणी करणार असाल तर माझं ऐका, सर्वेक्षण सप्टेंबरमध्येच संपवा आणि नावांचं स्पेलिंग आधार बघून लिहा, आमचे वीस दिवस फक्त त्यात गेले.

मंजुरी आली पण पैसे यायला वेळ होता आणि ट्रॅक्टर तर आले. त्या दिवशी रात्री समिती बसली. किराणा दुकानदार काकांनी दोन महिने उधारी द्यायचं कबूल केलं, त्यांचे स्वतःचे तीन नातू त्यात होते. कोणी ज्वारी दिली, कोणी तूर, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईच संध्याकाळी पण यायला तयार झाल्या. दिवाळी झाल्यावर पहिल्या संध्याकाळी 26 लेकरं किचनशेडसमोर रांगेत बसली, भाकरी, पिठलं, भात. दुसरीतला एक पोरगा जेवेना. सकाळीच आई गेलेली. मी त्याला मांडीवर घेतलं, त्यानं माझ्या पदराला नाक पुसलं आणि विचारलं, पट्टा कधी पडणार? सात वर्षांचं लेकरू, त्याला पट्टा पडणं म्हणजे काय ते बरोबर माहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढं हळूहळू बसलं सगळं. जेवणाआधी एक तास अभ्यास, त्याला गावात राहिलेल्या पाच आया आणि बारावी झालेली एक पोरगी आळीपाळीनं यायच्या. ज्यांना वाचता येत नाही अशा पण दोघी होत्या, त्या पाढे म्हणून घ्यायच्या, गोष्टी सांगायच्या, जात्यावरच्या ओव्या सुद्धा म्हणून दाखवल्या आणि पोरींनी त्या वहीत लिहून घेतल्या. रविवारी पोषण आहार नसतो, हे आमच्या आधी लक्षातच आलं नव्हतं, पहिल्या रविवारी दुपारी दहा-बारा लेकरं शाळेच्या गेटपाशी येऊन उभी होती, मग त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरातून भाकरी गोळा केल्या आणि पुढच्या रविवारपासून तिन्ही वेळचं आम्ही धरलं. दर बुधवारी आणि रविवारी जेवण झाल्यावर फोन, माझ्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल. फडात रेंज नसायची तर मुकादमाच्या फोनवर लावायचे. आया बोलायच्या कमी, नुसत्या बघायच्या.

जानेवारीत एका पोराला खरंच ताप आला, रात्री अकरा वाजता. टमटम काढली, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, रक्त तपासलं, दोन दिवस माझ्याच घरी ठेवलं. त्याच्या आईला फोन मी तिसऱ्या दिवशी केला, ताप उतरल्यावर. बाई मला म्हणाल्या हे चूक केलंत, पहिल्याच रात्री कळवायला पाहिजे होतं. त्यांचं बरोबर होतं. मी तिला घाबरवायचं नाही म्हणून थांबले, पण आईला कळायचा हक्क आहे. आता नियमच केलाय, आधी आईला फोन, मग गाडी.

पैसे फेब्रुवारीत आले. अध्यक्ष आणि हेडसर दोघांच्या सहीनं समितीच्या खात्यातून निघतात, पहिला चेक किराणाचा फाडला. मी सगळ्या पावत्या तारखेप्रमाणं चिकटवून ठेवल्या होत्या, रोजची हजेरी आणि रोजचा मेनू वेगळ्या वहीत, त्यामुळं तपासणीला कुठं अडलं नाही. पूर्वीचं वसतिगृह ह्याच पावत्यांपायी बंद पडलं होतं.

26 मधली 25 लेकरं शेवटपर्यंत राहिली. एक पोरगी डिसेंबरमध्ये गेली, तिच्या आईला फडात लागलं म्हणून तिला घेऊन गेले, ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. परत आली तेव्हा सहामाहीनंतरचं काहीच तिला येत नव्हतं, उन्हाळ्यात बाईंनी आणि मी मिळून तिचं वाचन करून घेतलं.

पाडव्याच्या आसपास ट्रॅक्टर परत आले. तो दुसरीतला पोरगा आईला मिठी मारायच्या आधी घरात पळाला आणि मराठीचं पुस्तक घेऊन आला, तिथंच ट्रॅक्टरच्या चाकापाशी उभं राहून त्यानं तिला अख्खं पान वाचून दाखवलं. ती आई, अंगावर सहा महिन्यांची धूळ, डोक्यावर बोचकं तसंच.

ह्या वर्षीचं सर्वेक्षण आम्ही 5 सप्टेंबरला सुरू करतोय, संध्याकाळी सहाला शाळेसमोर जमायचं. मागच्या वर्षी नाही म्हणालेल्या घरांपैकी चार आया स्वतःहून येऊन विचारून गेल्यात. अभ्यासाला बसणाऱ्या अजून तीन आया पाहिजेत आणि मंगळवार-शुक्रवार पोरींना घरी सोडायला कोणीतरी पाहिजे, गावातल्या कोणी हे वाचत असेल तर माझ्याकडं किंवा बाईंकडं नाव द्या, लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं.