चष्म्याची चूक

आमच्या मासिकाकडे आलेल्या कथांचं पहिलं वाचन माझा तरुण सहकारी करतो. तो समासात पेन्सिलीने खुणा करतो आणि मग गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, कथेचा निकाल शेवटावर लागतो. खरं तर कथा पडते ती निवेदकापाशी. सांगतोय कोण, त्याला हे कळलं कसं आणि तो आत्ताच का सांगतोय, याची उत्तरं लेखकाने आधी स्वतःला दिलेली नसतील तर पहिल्या दोन पानांतच पायाखालची जमीन भुसभुशीत लागते. शेवटापर्यंत जायची गरजही पडत नाही.

त्या दिवशी वरच्याच कथेवर त्याने ‘साभार परत’ लिहून ठेवलं होतं. कारणं दोन दिली होती. ‘पान ९ : दृष्टिकोन घसरलाय.’ आणि त्याखाली, ‘पान ९ : सातत्याची चूक, चष्मा.’

कथा वरवर पाहता साधी होती. निवेदक घरातला धाकटा मुलगा, आता मोठा झालेला, लहानपणीची एक रात्र सांगतोय. त्या रात्री बाबा आणि दादा एका खोलीत दार लावून बोलले, पहाटे दादा घर सोडून गेला, तो पुन्हा आलाच नाही. हा मुलगा शेजारच्या खोलीत अंथरुणात होता. त्याला नुसते आवाज ऐकू येत होते, शब्द नाहीत. आणि तरीही नवव्या पानावर तो बंद दाराआडचा सगळा प्रसंग आपल्याला दाखवतो. बाबा खुर्चीतून उठतात, चष्मा काढून पुसतात, दादाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “पत्र टाकत जा.”

सहकाऱ्याची पहिली हरकत पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होती. प्रथमपुरुषी निवेदक स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, नंतर कळलेलं सांगू शकतो. भिंतीपलीकडे पाहण्याची मुभा सर्वज्ञ निवेदकाला असते. दुसरी हरकतही बरोबरच होती. तिसऱ्या पानावर निवेदकानेच सांगितलं आहे की त्याच दुपारी बाबांचा चष्मा पडून फुटला आणि नवा यायला आठवडा लागला. मग रात्री पुसला तो कुठला?

मी पेन्सिल खाली ठेवली ती यामुळेच. दोन वेगवेगळ्या जातीच्या चुका, आणि दोन्ही त्याच दहा ओळींत. ढिसाळ लेखकाच्या चुका कथाभर विखुरलेल्या असतात. इथे बाकीची पानं काटेकोर होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी फक्त क्रियापदं बघत.

हे काम मला मनापासून आवडतं आणि ते फार कमी जण करतात याचं वाईटही वाटतं. हा निवेदक आपल्या माहितीची मर्यादा प्रत्येक वाक्यात पाळत होता. ‘आई म्हणे तेव्हा देवापाशी बसली होती.’ ‘बाबा आधीच चिडलेले असावेत.’ ‘दादाने पैसे घेतले नसणार.’ जे पाहिलं ते ठाम, जे ऐकलं त्याला ‘म्हणे’, जो तर्क त्याला ‘असावं’. नवव्या पानावर मात्र हे सगळं गळून पडतं आणि भूतकाळही सुटतो. उठतात, पुसतात, ठेवतात, म्हणतात. जिथे त्याला सर्वांत कमी माहीत आहे, तिथेच तो सर्वांत खात्रीने बोलतो.

मग चौदावं पान. निवेदक शिकायला परगावी निघाला आहे. बाबा खुर्चीतून उठतात, चष्मा काढून पुसतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “पत्र टाकत जा.”

म्हणजे त्याने स्वतःचा निरोप उचलून दादाच्या रात्रीत ठेवला होता. त्या खोलीत काय झालं ते त्याला माहीत नाही, किंवा आवाजावरून चांगलंच माहीत आहे आणि ते त्याला सोसत नाही. दादाचं एकही पत्र आलं नाही, हे वाक्य कथेत आधीच येऊन गेलेलं होतं. फुटलेला चष्मा त्या बनवलेल्या प्रसंगाची शिवण उघडी पाडतो.

याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये ही संज्ञा रूढ केली. आपल्याकडे तिचा अर्थ ‘खोटारडा निवेदक’ एवढाच घेतला जातो आणि लेखनशिबिरांत तो तसाच शिकवलाही जातो, याचा मला राग येतो. निवेदक भाबडा असू शकतो, लहान असू शकतो, प्रेमापोटी आंधळा असू शकतो. बूथची कसोटी खोटेपणाची नाहीच. निवेदकाचं सांगणं आणि संपूर्ण कलाकृतीतून जाणवणाऱ्या लेखकाची मूल्यं, यांत अंतर पडतं का, एवढंच तो विचारतो.

मी लेखिकेला फोन केला. त्यांची ही पहिलीच कथा. चष्म्याचा उल्लेख करताच त्या गडबडल्या. “अय्या, तो दुपारी फुटलाय ना! सॉरी मॅडम, मी आजच दुरुस्त करून पाठवते.”

मला काही क्षण बोलणं सुचेना. मग म्हटलं, “दुरुस्त करू नका. आधी मला सांगा, त्या खोलीत खरंच काय झालं?”

“म्हणजे? लिहिलंय तेच झालं की.”

मी क्रियापदांचं सांगितलं, चौदाव्या पानाचं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग त्या हळू म्हणाल्या, “ते पान लिहिताना हात आपोआप चालला होता. बाकी सगळं मी चार-चारदा खोडलं.” आणि थोड्या वेळाने विचारलं, “पण मग त्याला स्वतःला माहीत आहे का, की हे त्याने रचलंय?”

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही चर्चासत्रात कुणी विचारलेला नाही. त्याला माहीत असेल तर तो आपल्याला फसवतोय. माहीत नसेल तर तो स्वतःला फसवतोय आणि वाचकाला त्याच्यापेक्षा जास्त दिसतंय, म्हणजे तिथे नाट्यात्म उपरोध येतो. शब्द तेच राहून कथा दोन होतात. चष्मा फुटल्याचं वाक्य कुठे ठेवायचं यावरही आम्ही बोललो. ते प्रसंगानंतर आणलं तर तो एकदम उलटतो, वाचक दचकतो. आधीच, तिसऱ्या पानावर राहू दिलं तर वाचक ते वाचतो आणि निवेदकासारखाच विसरतो. त्यांनी तिसरं पानच राखलं. “तो विसरलाय, तर त्यांनीही विसरू दे,” म्हणाल्या.

कार्यालयात मात्र तंटा झाला. संपादकांचं म्हणणं, प्रसंगाआधी ‘तसंच झालं असेल असं मला वाटत आलंय’ एवढं एक वाक्य घाला, नाहीतर वाचकाला कळणार नाही. मी ठाम विरोध केला. त्या वाक्याने निवेदक प्रामाणिक झाला असता आणि कथा संपली असती. वाचकाच्या अकलेबद्दलची ही भीती आमच्या व्यवसायात इतकी मुरली आहे की चांगल्या कथांवर आपण स्वतःच पाट्या ठोकतो. सहकारी गप्प होता. शेवटी त्याने विचारलं, “पण मॅडम, लेखिकेच्या मनात नव्हतं, तर हे तंत्र कसं?” मी म्हटलं, मनात काय होतं ते लेखिकेचं, पानावर जे आहे त्याच्याशी आपला संबंध. हे उत्तर मला पटतं. त्याला अजून पुरतं पटलेलं नाही.

कथा जशीच्या तशी छापली. काहींनी बापाची माया वाचून डोळे भरून आल्याचं कळवलं. एकाने चष्म्याची चूक दाखवून मुद्रितं नीट तपासत चला असं सुनावलं. पान तीन, नऊ आणि चौदा एका ओळीत मांडणारं पत्रही आलं. ते मी संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पण मला स्वस्थ बसू देत नाही ती लेखिकेची दुसरी कथा. त्यात निवेदक पहिल्याच पानावर आईचा मृत्यू पावसाळ्यात झाला म्हणतो, दुसऱ्या पानावर उन्हाळ्यात. विसंगती ठळक, जागच्या जागी आणि निर्जीव. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलंय, ‘या वेळी निवेदक मुद्दाम अविश्वसनीय केला आहे.’ संज्ञा त्यांना मीच दिली होती. ती न देता नुसतं ‘चष्मा राहू द्या’ म्हटलं असतं तर ही कथा कशी आली असती, हा विचार डोक्यातून जात नाही. आणि तरी, स्वतःच्या कथेत काय घडलंय हे लेखकाला न सांगणं मला पटलं नसतं.

मी त्यांना कळवलं : ऋतू एकच करा, त्याला त्याच्या समजुतीप्रमाणे खरं बोलू द्या. त्यांचा उलट प्रश्न आला, “मग तो अविश्वसनीय कसा होणार?” त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.