आधी १९५५, मग १९८५

गोरेगावच्या फिल्मसिटीत आम्ही एका वेबसिरीजसाठी गावचा चौक उभारला होता. कथा दोन काळांतली, १९७८ची आणि आजची. चौक मात्र एकच. मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट. सकाळी शेड्यूल हातात आलं, तर आजच्या काळातले सीन आधी लावलेले! कारण नेहमीचंच, हीरोच्या तारखा. तो दिवसा एका मालिकेत अडकलेला.

पेंटरमामांनी ब्रश खाली ठेवला. "आज भिंती मळवायच्या, पोपडे काढायचे, आणि परवा त्याच कोऱ्या करून द्यायच्या? जमणार नाही."

आमचे आर्ट डायरेक्टर दादा वाद घालत नाहीत, सिनेमे सांगतात. लाइन प्रोड्यूसरला बाजूला बसवून त्यांनी 'बॅक टू द फ्यूचर' या कालप्रवासाच्या हॉलिवूडपटाचा विषय काढला. युनिव्हर्सल स्टुडिओच्या बॅकलॉटवरचा, म्हणजे आवारातल्या उघड्या सेटवरचा, तो घड्याळाच्या टॉवरचा चौक. सिनेमा सुरू होतो १९८५मध्ये, पण चौकातलं शूटिंग आधी झालं ते १९५५चं. सगळं चकचकीत असताना ते उरकून घेतलं आणि मग तोच चौक मळवून, भकास करून १९८५चा केला. नवं जुनं करायला एक रात्र पुरते. जुनं नवं करायचं म्हणजे पुन्हा खरवडण्यापासून सुरुवात. मग दादा घसरले गाडीवर. काळात मागे-पुढे जायला सिनेमातल्या डेलोरियन गाडीला ताशी ८८ मैल गाठायचे होते, आणि त्या काळच्या अमेरिकी नियमामुळे मूळ स्पीडोमीटरचे आकडे ८५लाच संपायचे. डायल बदलावी लागली. हे काम आपल्यासारख्यांचंच, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पण तारखांचं काय?" लाइन प्रोड्यूसर.

"त्यांच्याकडे तरी कुठे होत्या?" एरिक स्टोल्ट्झला हीरो म्हणून घेऊन काही आठवडे शूटिंग झालेलं. जानेवारी १९८५मध्ये त्याला काढलं आणि मायकल जे. फॉक्सला आणलं. तो दिवसा 'फॅमिली टाइज' या मालिकेत, रात्री या सिनेमात, उजेडातलं काम बरंचसं शनिवार-रविवारी. तरी जुलैत सिनेमा थिएटरला लागला.

लाइन प्रोड्यूसरने तिथूनच हीरोच्या मॅनेजरला फोन लावला. १९७८चे बहुतेक सीन तसेही रात्रीचेच होते, जत्रेचे. दुपारपर्यंत शेड्यूल उलटं झालं.

हीरो रात्री उशिरा आला, मालिकेतल्या नवरदेवाच्या मेकअपमध्येच. मामा तोवर शिंप्याच्या पाटीवर शेवटचा हात फिरवत होते. पाटी सुकेपर्यंत थांबायला मेकअपदादांचीही हरकत नव्हती.